हातात भार आला की

सातपूर, नाशिक
२२ ऑक्टोबर २००२

ती. दादास,

मनीषाचा नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे ठीक आहे, तिकडेही तसंच असणार असं धरून चालते. दिवाळीच्या तोंडावर वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटारींचा ढीग पडलाय. मळ्यांतले पंप नेमके याच दिवसांत कसे जळतात कोण जाणे. लताबाई आणि मी जेवणाची सुट्टी अर्धी करून वाइंडिंगची तार गुंडाळतोय.

तुझं पत्र परवा मिळालं. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय म्हणून लताबाईंनीच वाचून दाखवलं. 'लोक हसतात' या ओळीवर त्या अडखळल्या. मी म्हटलं, वाचा, भाऊ माझाच आहे.

शेजारच्या चिमणाबाईंनी तुला फोनवर सांगितलं ते खरं आहे. आई गेली त्यानंतर मी महिन्यातून एकदा लताबाईंबरोबर त्यांच्या खाडीकाठच्या माहेरी जाते, तिथल्या जेटीवर उभी राहते आणि काठी-गळाने मासे धरते. चाळिशीच्या बाईने हे करू नये असं कुठे लिहिलंय ते मला दाखव. मी गर्विष्ठ झालेय, शेजारून गेलं तरी ओळख दाखवत नाही, असंही त्या म्हणाल्या. त्याचं उत्तर पुढे येईल.

तू मागच्या खोलीला रंग दिलास, भाऊबीजेला टेम्पो घेऊन येणार आहेस आणि मला सामानासकट औरंगाबादला नेणार आहेस. खोलीबद्दल आभार. मी येणार नाही.

हे वाचून तू पत्र बाजूला टाकशील, म्हणून लगेच दुसरं काही सांगते. तुला वाटतं मी गांडूळ लावून दोरा सोडते आणि डुलक्या काढते. तसं नाही. माझ्या दोऱ्याला बोटाएवढा लाकडी मासा असतो. तोंडाशी खळगा, पोटाखाली तिहेरी गळ. तो बुडत नाही. पहाटे भरती चढू लागली की तो लांब फेकायचा आणि पाणी शांत होऊ द्यायचं. मग काठीला छोटा हिसका द्यायचा. खळग्यात पाणी अडून 'गब्ब' असा आवाज होतो. थांबायचं. पुन्हा हिसका. खालच्या जिताड्यासारख्या मोठ्या माशाला वाटतं, वर कुणी जखमी मासा तडफडतोय.

हे मला लताबाईंच्या भावाने, मंगळूने शिकवलं. तो जाळ्याने मासेमारी करणारा कोळी. मुंबईचे हौशी पाहुणे येतात, त्यांतल्या एकाने जाताना ही काठी त्याला देऊन टाकली होती. काठीने मासे धरणं म्हणजे त्याच्या लेखी चमच्याने विहीर उपसणं. तरी शिकवलं. पहिल्या खेपेला मी सगळं सामान तसंच पिशवीत भरून घरी आणलं आणि आठवड्यात गळ गंजून गेले. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, हे नाशिकच्या माणसाला कोण सांगणार? आता सगळं धुऊन आईच्या तुळशीजवळ वाळत घालते. चिमणाबाईंना तेही दिसतं.

दोरा गुंडाळायचं मात्र शिकावं लागलं नाही. पाहुण्यांचा दोरा सैल गुंडाळला जातो, मग पुढच्या फेकीला गुंता, आणि अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. माझ्या बोटांतून सोळा वर्षं तांब्याची तार जातेय. ताण कमी झाला की बोटालाच कळतं.

नवशिके चुकतात ते पुढेच. मासा लाकडावर झडप घालतो तेव्हा पाणी असं फुटतं की छातीत धस्स होतं, आणि माणूस काठी ओढतो. माशाची पहिली झडप चुकलेली असते, त्याच्या तोंडात अजून काही नसतं. लाकूड उडून परत येतं, एकदा तर एका पाहुण्याच्या टोपीत अडकलं. मंगळू सगळ्यांना एकच सांगतो, "पानी फुटला का खेचू नको. हातात भार आला का खेच." कुणी ऐकत नाही, कारण डोळ्यांना दिसलं की हात थांबत नाही.

मी पहिल्या दिवसापासून ओढलं नाही. मंगळू आश्चर्य करत राहिला. लताबाईंना म्हणाला, ही बाई मागच्या जन्मी कोळीण असणार. मी हसले आणि पुन्हा लाकूड फेकलं.

दादा, मी ओढलं नाही, कारण मला पाणी फुटलेलं दिसलंच नव्हतं.

चष्मा दुरुस्तीला दिलेला नाही. चष्म्याचा आता उपयोग नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, दोन वर्षांपूर्वी कळलं. बाजूचं दिसणं आधी गेलं, नळीतून बघावं तसं समोरचंच उरलं. आता तेही धुरकट होतंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध नाही, ऑपरेशन नाही. आई तेव्हा अंथरुणावर होती. तिला कशाला सांगायचं म्हणून गप्प राहिले, आणि ती गेल्यावर तुला सांगायचं धाडस झालं नाही. हे पत्र मी जाड काळ्या पेनाने, ओळीखाली पट्टी धरून लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर वहिनींची मदत घे. आणि चिमणाबाईंना सांग, त्या डावीकडून येतात. तिकडचं मला काही दिसत नाही.

हे वाचून तू टेम्पो भाऊबीजेऐवजी उद्याच काढशील, मला ठाऊक आहे. म्हणूनच दोन वर्षं लपवलं. तुझा जीव तुटेल, खोलीला आणखी एक हात रंग देशील, मला खुर्चीवर बसवशील, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देशील. तुझ्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. भीती त्याचीच वाटते.

शेठना मी गेल्या महिन्यात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातच्या चार कॉइल्स तपासून घेतल्या आणि म्हणाले, उद्या वेळेवर ये. जोडणीचं काम लताबाई करतात, गुंडाळायचं मी. घरापासून बसथांबा एकशे बारा पावलं आहे. इथला प्रत्येक खड्डा माझ्या ओळखीचा आहे. औरंगाबादला माझ्या ओळखीचे फक्त तुम्ही दोघं.

आता तुझी जुनी सायकल. ती धड आहे, असं तुला गेल्या पत्रात लिहिलं होतं. पूर्ण खरं नव्हतं. तिचं मागचं चाक मी काढलं. जेटी उंच असते, मासा दोऱ्याने वर उचलला की त्याच्याच वजनाने दोरा तुटतो. माझे दोन असेच गेले. मग तुझ्या चाकाच्या रिंगला मंगळूने जाळं विणलं, मी दोर बांधला. ती पाण्यात सोडायची, माशाला तिच्यावर आणायचं आणि वर ओढायचं. या महिन्याच्या पहिल्या रविवारी तीत साडेपाच किलोचा जिताडा आला. पाणी फुटल्याचा आवाज ऐकला, थांबले, हातात भार आला आणि मगच ओढलं. वर आणल्यावर मी त्याच्यावर हात फिरवून बघितलं, शेपटीपासून डोक्यापर्यंत. मंगळूला डोळ्यांचं तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, "पुढल्या अमावास्येला भरती बरी हाय. ये." दादा, त्याने दुसरं काही विचारलं नाही. मी तिथे उभ्या उभ्या रडले.

तेव्हा भाऊबीजेला ये, नक्की ये. मी ओवाळीन, तेवढं ताटाकडे न बघताही जमतं. यंदा ओवाळणीत साडी नको. टेम्पोच आणणार असशील तर तो रिकामा परत पाठव, हीच माझी ओवाळणी. तू मात्र दोन दिवस राहा. लताबाईंना विचारून ठेवलंय, तिघं जेटीवर जाऊ. काठी पहिल्यांदा तुझ्या हातात देईन. पाणी फुटलं की तू ओढशील, लहानपणापासून तुझा स्वभाव तसाच आहे. मी शेजारी उभी असेन आणि तुझं मनगट धरून ठेवीन.

तुझीच, पण सातपूरचीच,
मनीषा