म्हसोबाच्या फाट्यावरचा ब्रेक

मंगळवार, संध्याकाळ

काल टँकरवाल्याची चूक होती असं लिहिलं, ते खरं नाही. अप्पांनीच फाट्यावरच्या म्हसोबाला हात जोडायला भर रस्त्यात मोटारसायकल थांबवली. मागचा लाल दिवा दुधाच्या कॅनांनी झाकलेला. मागून येणाऱ्या टँकरवाल्याला कळणार कसं? टँकरचा ब्रेक वेळेत लागला, पण तो हॉर्न अजून कानात आहे.

ड्रायव्हर ओरडला, "म्हाताऱ्याला सांग अक्का, देव कुठं पळून जायलाय का?"

अप्पा हसले. "त्यानंच वाचवलं बघ. तू कामून भ्यायलीस?"

आज कॅन सरकवून बांधले, दिवा दिसतो. पण अप्पा तिथं थांबणारच. पुन्हा तसाच हॉर्न, आणि या वेळी टँकरचा ब्रेक लागलाच नाही तर?

उद्या, बुधवारी, दूध घेऊन जाताना गाडी मी चालवणार. अप्पांनी मागं बसून हात जोडावेत.