दोघींचा एकच चेहरा

प्रिय साखर,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील. हिला आता कागद कुठून आठवला, कोण गेलं, असंच तुझ्या मनात आलं असेल. कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट नाही, पण बरी आहे. टाके निघाले, डावा हात खांद्याच्या वर जायला लागला, आणि काल माझी वेणी मी स्वतः घातली. वाकडी आली, पण आली. कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस. तिसऱ्याला तू रडतेस, चौथ्याला मी चिडते, आणि मग फोन आधी कोण ठेवतं याची शर्यत लागते. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्येच तोंड घालता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि ओळीने वाच. मधलं गाळून शेवटाला उडी मारायची तुझी खोड मला ठाऊक आहे, तसं करू नकोस.

आजोबांनी पाळण्यातच आपल्याला पिठी आणि साखर म्हणायला सुरुवात केली, कारण म्हणे एकदा मिसळल्या की वेगळ्या काढता येत नाहीत. शाळेत खोडी तू काढायचीस आणि बाकावर उभी मी राहायचे. लग्नानंतर तुझ्या नवऱ्याने एकदा भर गर्दीतून माझाच हात धरून मला रस्त्यापलीकडे नेलं होतं, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर बिचारा इतका ओशाळला की आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. हे सगळं आपण हसून हसून सांगत आलो. त्यामुळे तू तुझ्या गावात बसून तुझ्या थायरॉइडचा रिपोर्ट बघायला फोन तोंडासमोर धरलास, आणि आपल्या दोघींच्या हॉस्पिटलच्या ॲपने चेहरा तोच, जन्मतारीख तीच म्हणून माझं तपासण्यांचं दप्तर उघडून तुझ्यापुढे ठेवलं, याचा दोष मी तुला देत नाही. प्रत्यक्ष आईची जिथे फसगत व्हायची, तिथे त्या यंत्राची काय कथा. पण वर नाव माझं होतं, साखर. तुला वाचता येतं. पहिल्या ओळीला तुला कळलं की हे तुझं नाही, आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत गेलीस.

मग तू दादाला फोन केलास. दादाने वहिनीला सांगितलं. वहिनीने, मुलीला तर माहीत असणारच अशा समजुतीने, माझ्या लेकीला धीर द्यायला फोन केला. तेव्हा ती दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभी होती. हातातलं सामान तिथेच टाकून ती बाहेर आली आणि फुटपाथवर बसली, असं तिने मला नंतर सांगितलं. मी काय ठरवलं होतं सांगू? ती सुट्टीला घरी येणार होती. जेवणं झाल्यावर, भांडी आवरून, हात कोरडे करून मी तिच्यासमोर बसणार होते. आधी गाठ लहान आहे हे सांगणार होते, मग गाठ आहे हे. क्रम मी पाठ केला होता, चूल पुसतानासुद्धा पुटपुटत होते. ते एक वाक्य माझं होतं आणि ते माझ्या तोंडून जायचं होतं. लेकीने मला एवढंच विचारलं, की मला सगळ्यांत शेवटी का सांगितलंस. मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. अजून पूर्ण पटलंय की नाही, देव जाणे.

तुझं म्हणणं मी ऐकलंय. आईने लपवलं आणि आई गेली, म्हणून तुला धीर धरवला नाही. आईने पदराआड गाठ बाळगली, विचारलं की पाठ दुखते म्हणायची, आणि आपल्याला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तू तिच्या उशाशी होतीस, मी नव्हते. ते मी विसरलेले नाही, आणि तुझी भीती खोटी आहे असंही म्हणत नाही. पण मी आईसारखं लपवत नव्हते गं. तपासणीला मी आपल्या पायांनी गेले, तारीख मी घेतली, सर्जन मी निवडली. लपवणं एक आणि आपल्या वेळेला आपण होऊन सांगणं दुसरं. तू दोन्ही एकाच पोत्यात भरलीस. वर मला विचारलंस, की आपल्या दोघींत लपवायचं काय. दोघींत काहीच नाही. पण तू ते दोघींत तरी कुठे ठेवलंस?

तू मला हट्टी म्हणतेस, तर हा हट्ट कुठून आला तेही ऐक. इतकी वर्षं मी कवळ्या बनवते, पण आमच्या मास्तरांचा नियम तुला कधी सांगितला नसेल. कवळी तोंडात नीट बसली, की तिचा प्लास्टरचा साचा गिऱ्हाइकासमोर फोडायचा, नाहीतर त्याच्या हातात द्यायचा. फळीवर ठेवायचा नाही, चारचौघांत दाखवायचा तर नाहीच. मी नवीन असताना एक बाई तणतणत आल्या. नवरा सारखा या पत्त्यावर येतो, इथे कोण राहतं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी जाऊन त्यांनाच विचारा एवढंच सांगितलं. बाईंनी जाताना दार असं आपटलं की खिडकी थरथरली. मला वाटलं, सांगून टाकायला काय जात होतं, बिचारीचा संशय तरी फिटला असता. मास्तर म्हणाले, दात त्याचे, सांगायचं त्याने. पुढे त्या बाई नवऱ्यासोबत आल्या, दोघं हसत होते, आणि बाईंनी पिशवीतून स्वतःचीच मोडकी कवळी काढून टेबलावर ठेवली. लग्नापासून दोघं एकमेकांपासून दात लपवत होते!

तर अशा माणसाच्या हाताखाली माझी हयात गेली. ड्रेसिंगला गेले की मी दर वेळी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, ॲपचं काम बघणाऱ्या ऑफिसात जाऊन बसायला लागले. खिडकीतला मुलगा म्हणाला, चेहऱ्याने उघडतं ते तुमच्याच सोयीसाठी आहे. मी म्हटलं, माझी सोय माझ्या बहिणीला फार झाली. तो म्हणाला, सिस्टीममध्ये दुसरा पर्याय नाही. मी म्हटलं, पासवर्ड चोरीला गेला तर नवा घेता येतो, चेहरा गेला तर काय नाक कापून नवं लावू? मागच्या बाकावरची माणसं हसली, पण काम झालं नाही. त्यातच माझ्या फोनवर केसांच्या टोपांच्या जाहिराती यायला लागल्या. अजून माझा एक केस गळला नव्हता आणि दुकानदारांना खबर! चौकशी केली तेव्हा कळलं, ॲप पहिल्यांदा उघडताना मी एका लांबलचक मजकुराखाली ‘मान्य’ दाबलं होतं, त्यात माझी माहिती सोबतच्या कंपन्यांना द्यायची मुभा होती. तो मजकूर कुणी वाचतं का? मी त्यांना तेच विचारलं. तुमच्यापैकी कुणी वाचलाय?

शेवटी व्यवस्थापक बाईंनी मला आत बोलावलं. लेकीएवढीच असेल. ती सुरक्षेबद्दल बोलत राहिली, सगळं कसं कुलूपबंद आहे वगैरे. मी शांतपणे विचारलं, तुझं दप्तर तुझ्या जावेने वाचलं तर चालेल का तुला? तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्यानंतरही खेपा चुकल्या नाहीत, अर्ज झाले, वरच्या साहेबांना कळवणं झालं. हात दुखायचा, तरी मी गेले. लेक एकदा म्हणाली, आई, बरी तरी हो आधी. मी म्हटलं, हाच माझा औषधाचा डोस आहे. आता माझं दप्तर चेहऱ्याने उघडत नाही. मी ठरवलेल्या अंकांनी उघडतं, आणि कुणीही उघडलं की मला निरोप येतो. सर्जनला परवानगी आहे आणि लेकीला. बाहेरच्या कंपन्यांची मुभा मी काढून घेतली. टोपवाले गेले, आता गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती येतात, त्या वयाने आणल्या असाव्यात. आणि नव्या माणसाचा चेहरा घेण्याआधी खिडकीतला मुलगा आता त्याला विचारतो, हवं की नको. मी मुद्दाम बाकावर बसून ऐकलं. जिवाला थंडावा वाटला.

तुला परवानगी दिलेली नाही. रागाने नाही, साखर, राग बराचसा ओसरलाय. तुला माझी तब्येत माझ्याकडूनच कळावी असं मला वाटतं. तू विचार, मी सांगेन, अगदी नको इतकं सांगेन. जखमेचा रंगसुद्धा सांगेन. तुला रडायचं असेल तर रड, मी फोन ठेवणार नाही. तुझ्याशी न बोलता गेलेले हे दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले, हेही आता लिहूनच टाकते.

आता पत्राचं कारण. मागच्या खेपेला डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सुचवली. आईचं दुखणं तिच्या रक्तातूनच आलं होतं का, आणि तसं असेल तर ते माझ्यात उतरलंय का, हे त्या तपासणीतून कळतं. उतरलं असेल तर दुसऱ्या बाजूचंही ऑपरेशन करावं लागेल. मी सहीला पेन उचललं होतं. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, भावंडं किती. मी म्हटलं, एक भाऊ आणि एक जुळी, हुबेहूब. त्या म्हणाल्या, मग तुमचा निकाल तो त्यांचाही निकाल, त्यात फरक पडत नाही. कागदावर सहीची जागा मात्र एकच होती, माझी. मी पेन खाली ठेवलं. निकाल तुला न सांगता मला ठेवता येईल असंही नाही, कारण मी दुसरं ऑपरेशन करून घेतलं की तुला न विचारताच उत्तर मिळेल. म्हणून आधी विचारते. तुला नको असेल तर नाही म्हण. तपासणीवाचून डॉक्टर मला नियमाने बघत राहतील, ते मी विचारून घेतलंय आणि मला ते चालेल. हो म्हणालीस, तर निकाल ऐकायला येणं, न येणं, तुझ्या मुलांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते सगळं तू ठरव. दादाला विचारू नकोस, भाऊजींनाही लगेच नको, आधी एकटी बस आणि स्वतःला विचार. मला भीती वाटते गं, माझ्यासाठी वाटते त्याहून तुझ्यासाठी जास्त. पण माझ्या रक्तात तुझी बातमी आहे, आणि तुला विचारल्याशिवाय ती मी कुणालाही उघडू देणार नाही. मलासुद्धा नाही.

तुझ्या उत्तराशिवाय सही न करणारी,
तुझीच,
पिठी