गाळेवाल्यांचा नियम

अंबड, नाशिक
दि. ९ जून २०२४

ती. रोहिणीताईस,
रवीचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर मी पटकन बोल म्हणतो म्हणून तू रुसलीस आणि पत्राचं बंधन घातलंस. शाळेतून रिटायर झालीस तरी छडी काही खाली ठेवली नाहीस. घे, लिहितो.

गाळा बरा चाललाय. इलेक्ट्रिक पॅनेलची मोठी ऑर्डर आली आहे. कटकट काय ती माणसांचीच. वायरिंगला बसणारी दीपमाला पगारवाढ मागत होती. मी समजावलं, की आपण सगळे घरच्यासारखे, घरात कोणी असा हिशोब करतं का. मान हलवून कामाला लागली. पोरगी गुणी आहे, आणि जाणार तरी कुठे म्हणा. आमच्या गाळेवाल्यांचा नियमच आहे, नवं माणूस ठेवायच्या आधी एकमेकांना फोन करायचा. कोणी कोणाची माणसं पळवायची नाहीत, भाव वाढवायचा नाही. परवाच मागच्या लाईनीतल्या सहादूशेठचा फोन आला. येवल्याकडची कोणी डिप्लोमावाली टेस्टिंगला घेतोय, अठरा हजार मागते, किती देऊ म्हणाला. मी म्हटलं, बाराच्या वर जाऊ नका. बाहेरगावच्या मुली एकदा खोली घेतली की गपगुमान टिकतात.

अंजलीचा निकाल लागला का? एकुलती एक भाची माझी, पेढे मीच वाटणार. मामाकडे चार दिवस राहायला ये म्हणावं.
माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा,
रवी

येवला
दि. १६ जून २०२४

चि. रवीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. पेढे वाटायचे तर वाट. अंजली फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि नोकरीलाही लागली. अंबडलाच, सहादूशेठच्या गाळ्यात. बारा हजारांवर.

हो, येवल्याकडची ती हीच. तुला कळवायचं नाही असं तिनेच मला बजावलं होतं. मामाच्या ओळखीने नको, माझं मी मिळवते म्हणाली, आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. पगाराचं बोलणं निघालं तेव्हा शेठ तिला म्हणाला, आकडा माझा नाही, रवीशेठना विचारून ठरवलाय. तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच उखडले, मामा असं कधी बोलायचा नाही म्हणून. मग तुझंच पत्र हातात पडलं. मला फार वाईट वाटलं रे. तूही दुसऱ्याच्या गाळ्यात वर्षानुवर्षं वायरी ओढल्यास. तेव्हा शेठला घातलेल्या तुझ्या शिव्या मी या कानांनी ऐकल्या आहेत.

अंजलीने मैत्रिणींबरोबर खोली घेतली आहे. जेवणखाण वेळेवर करत जा. आपला म्हणूनच एवढं लिहिलं.
तुझी,
ताई

अंबड, नाशिक
दि. २४ जून २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. पत्र वाचून कानाखाली बसल्यासारखं झालं. आधी कळवलं असतंस तर ही वेळच आली नसती. पण काळजी सोड. त्याच दिवशी सहादूशेठला गाठलं. माझी भाची म्हटल्यावर बिचारा ओशाळला. चहा मागवला आणि तिथल्या तिथे अठरा केले. घरच्या मुलीला बारा कोण देतं म्हणाला.

आणखी एक झालं. तुझ्या कानावर येईलच, त्यापेक्षा मीच सांगतो. ही गोष्ट सगळीकडे पसरली. दीपमालाने मला चारचौघांत विचारलं, की शेठ, मग मी कोणाची भाची होऊ? मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. दुपारी पुन्हा सहादूशेठचा फोन, तुमची दीपमाला माझ्याकडे आलीय, घेऊ का? ताई, तुझं पत्र आठवलं, खोटं नाही सांगत. पण ऑर्डर महिनाअखेरीला द्यायची आहे आणि तिच्यासारखा दुसरा हात नाही. मी नको म्हणालो. आता ती पुन्हा इथेच बसते, फक्त कोणाशी बोलत नाही. ऑर्डर गेली की तिचं बघतो.

येत्या रविवारी अंजलीला जेवायला पाठव. तिची मामी मांडे करणार आहे.
राग धरू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझा,
रवी

येवला
दि. १ जुलै २०२४

चि. रवीस,
जयभीम, आशीर्वाद. तुझं पत्र मी अंजलीला फोनवर वाचून दाखवलं. दीपमालाला दारातून परत पाठवलं तेव्हा ती तिथेच टेस्टिंगच्या टेबलावर होती. फोनवर नको म्हणणारं कोण, ते तिला माहीत नव्हतं. माझ्या वाचण्यातून कळलं.

दुसऱ्या दिवशी ती सहादूशेठकडे गेली आणि म्हणाली, काहीतरी गैरसमज झालाय, रवीशेठ माझे मामा नाहीत, ओळखीचेही नाहीत. शेठने जास्त चौकशी केली नाही. पगार पुन्हा बारावर आणला.

मी तिला नको नको ते बोलले. खोलीचं भाडं आणि खानावळ गेल्यावर बारात काय उरतं? आता पेन्शनमधून थोडं मलाच पाठवावं लागेल. पण तू चुकलीस, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. काल तुम्ही दोघं जेवायला थांबला असाल. मांडे वाया गेले असतील, त्याचं वाईट वाटतं.

माझी माया आहे, ती कुठे जात नाही. अंजलीचं तेवढं मला लिहिता येत नाही.
तुझी,
ताई