पॅडलखालची पिवळी रेघ

१० ऑक्टोबर, मंगळवार

डेरिलची गाडी आली. हिरवी, आठ सिलिंडरची. आवाज गव्हाच्या कोठारापासूनच ऐकू येतो. किल्ली गॅरेजातल्या माझ्या टेबलावर फेकली नि म्हणाला, "क्लच घसरतोय. कुणी बसवलाय रे हा?"

मीच बसवलाय. गेल्या वर्षी. त्याला ते पक्कं माहीत आहे!

"की याची भरपाई स्वर्गात मिळते, पाद्रीबाबा?" — हे आणि वर. थोरला भाऊ. चोपन्न वर्षांचा झाला तरी मला पाद्री म्हणणं सुटलेलं नाही. मी रविवारी चर्चची घंटा वाजवतो, एवढाच माझा गुन्हा.

अठरा नोव्हेंबरला मोटार क्लबची डोंगरचढणीची शर्यत. सव्वीस वर्षांत त्याने एकदाही चुकवलेली नाही. "तोवर गाडी पाहिजे. यंदा पाहिजेच." दोनदा म्हणाला.

हमरस्त्यावर नेऊन पाहिली. चौथ्या गिअरमध्ये जोर दिला — इंजिन बोंबलतं, फेऱ्यांचा काटा वर पळतो, वेग मात्र वाढत नाही. पण हे गाडी तापल्यावरच. थंड असताना अगदी शहाण्यासारखी वागते. असं का?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

गिअरबॉक्स उतरवला. तेल कुठे गळत नाही, सील कोरडं. क्लचची चकती मात्र जळून काळी, ती जिथे टेकते त्या फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग. एका वर्षात! माझ्या हातून काही राहिलं होतं का? सबंध दिवस तेच डोक्यात.

चकती दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागवली, शर्यतीच्या गाड्यांची, जड. पकड अशी की घसरायचं नावच नको. पॅडल जड होईल, पण डेरिलच्या पायांना काय होतंय! मी सहा वर्षांचा असताना तो मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा. सहा किलोमीटर कच्चा रस्ता, समोरून वाळवंटाकडचा, उत्तरेचा तापलेला वारा. एकदाही 'उतर' म्हणाला नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

गाडी दिली. डेरिलने पॅडल दाबलं आणि थांबला. "हे काय? खाली बैल बांधलायस?"

"पकड हवी ना तुला?"

स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून पॅडल पुन्हा दाबलं. मग गेला.

२२ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये अकरा माणसं. डेरिल येत नाहीच, त्याची बायको येते. जेनीन नेहमी पुढे बसते. आज शेवटच्या बाकावर होती. डोळे सुजलेले. काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, असं स्वतःला सांगितलं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा घसरतोय! अकरा दिवसांत! नवी चकती, जड प्लेट — आणि पुन्हा तोच जळका वास. डेरिल गाडी ठेवून गेला. मला वाटलं, आता शिव्या देईल. "सापडेल तुला," एवढंच म्हणाला. नजर दुसरीकडे.

१ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं.

पॅडलखाली मी गेल्या खेपेला वाकून पाहिलंच नव्हतं. मागच्या वर्षी मीच बसवलेलं, ते कशाला तपासायचं! गर्व, दुसरं काय.

माझी एक पद्धत आहे. नट आवळला की त्याच्यावरून शेजारच्या दांड्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. आज पाठीवर पडून बॅटरीचा उजेड मारला — रेघ तुटलेली. पॅडलचा जोर क्लचकडे नेणारा दांडा पान्याने सहा फेऱ्या पुढे काढलेला. पॅडल दाबायला लागल्यावर आधी थोडी मोकळीक असावी लागते, करंगळीच्या जाडीएवढी. ती शून्य. म्हणजे पाय काढला तरी क्लच जरासा दाबलेलाच राहतो. क्लचच्या नळीतलं तेल तापून फुगलं की आणखी दाबला जातो, आणि घसरतो. म्हणून थंड असताना ठीक!

माझं काम चुकलेलं नव्हतं. क्षणभर आनंद झाला. आता लिहिताना लाज वाटते त्याची.

कारण मग प्रश्न आला — असं कोण करेल, नि कशासाठी? याचा फायदा एकच. पॅडल तळापर्यंत दाबावं लागत नाही. अर्ध्यावरच काम होतं. सीटही दोन खाचा पुढे ओढलेली. डेरिलसारख्या उंच माणसाची सीट!



२ नोव्हेंबर, गुरुवार

डेरिलकडे गेलो. जेनीनने चहा ठेवला आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेली. कपडे आधीच वाळत होते, खिडकीतून दिसत होते.

"नट कुणी फिरवला?"

"मी कसला पान्याला हात लावतोय!"

"रेघ तुटलीय, डेरिल."

"तुझी ती रेघ! देवसुद्धा एवढं बारीक बघत नसेल." हसला. मग हसणं मध्येच संपलं, नि सांगायला लागला.

डावं पाऊल. मार्चपासून. आधी वाटलं, बूट चावतोय. मग पायरीवर अडखळायला लागला. जुलैत मेलबर्नच्या डॉक्टरांनी सांगितलं — स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत चालल्यात. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. दोन वर्षं, फार तर तीन.

"आणि तू खाली बैल बांधलास," म्हणाला.

मी! माझ्या या हातांनी!

"मला का नाही सांगितलंस?"

"तू प्रार्थना करायला लागला असतास. मग ते खरं झालं असतं."

५ नोव्हेंबर, रविवार

घंटा वाजवली. प्रार्थना जमली नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

डेरिल गॅरेजवर आला. "एक फेरी. वर जायचं, खाली यायचं. बंद रस्ता, समोरून कोणी नाही. ब्रेकचा पाय उजवा, तो अजून माझा आहे. दांडा होता तसा ठेव, नि तुझा बैल काढ."

मी नाही म्हणालो. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाला. भिंतीला धरत बाहेर गेला.

दुपारी जेनीन आली. उभ्या उभ्याच बोलली. "नाही म्हणणारे त्याला मेलबर्नमध्ये पुष्कळ भेटतात, रॉस. तेवढ्यासाठी भाऊ कशाला हवा?"

१५ नोव्हेंबर, बुधवार

हलकी प्लेट बसवली. दांडा आधी नीट लावला, करंगळीएवढी मोकळीक ठेवून. बाहेर आलो. हात पुसले. मग पुन्हा पॅडलखाली आडवा झालो आणि सहा फेऱ्या पुढे काढला. त्याने काढला होता तसाच.

तीस वर्षांत पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट काम केलं. नट आवळून वर रेघही ओढली. वाकडी आली. देवा, तू पाहिलंस. आता काय ते तू बघ.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तरेचा वारा. गहू वाळलाय, पुढच्या आठवड्यात कापणी. उद्या सकाळी सहाला निघायचं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

डोंगरापर्यंत तासभर त्यानेच चालवली. रांगेत आमचा नंबर आला. डेरिलने पॅडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग इंजिन चालू ठेवून उतरला. डावा पाय मांडीला धरून बाहेर काढला, बॉनेटला टेकत टेकत डाव्या दाराशी आला. मी बसलो होतो तिथे. "ऊठ," म्हणाला. "मी इथे बसतो." झेंडेवाल्याला ओरडून सांगितलं, "आमची वेळ मोजू नका! पाद्री चालवतोय!"

तिसऱ्या वळणावर क्लच घसरला. इंजिन बोंबललं, गाडी रेंगाळली, जळका वास आत भरला. डेरिल डोळे पुसत हसत होता.

"कुणी बसवलाय रे हा?"