दुसरा आलेला गाणारा

एर्लांगेन, जर्मनी

प्रिय ऊर्मिलास,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या गायन स्पर्धेत तू दुसरी आलीस आणि घरापर्यंत रडत आलीस, आठवतं? मी तुला माझा अर्धा पेरू दिला होता. परवापासून तेच डोळ्यांसमोर येतंय.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

खालच्या मजल्यावरची कार्ला तिच्या इटलीतली गाण्यांची स्पर्धा दरवर्षी आमच्याकडेच बघायची. तिथे पहिला येणारा मेमध्ये युरोपच्या स्पर्धेला जातो. यंदा पहिल्या दिवशी ती फोन घेऊन ह्यांच्याजवळ हॉस्पिटलमध्ये आली. एका किडकिडीत मुलाचं गाणं ऐकून हे म्हणाले, "युरोपच्या स्पर्धेला हाच जाणार."

"बरं का रमेश, तुझा माणूस नेहमी दुसराच येतो," कार्ला म्हणाली.

निकालाआधीच हे गेले. मुलगा खरंच दुसरा आला. मग पहिल्याने युरोपला जायचं नाकारलं आणि ह्याचीच निवड झाली. फोनवर निम्मे इटालियन नाचत होते, निम्मे भांडत होते. परवा कार्ला तो घेऊन धावत वर आली. "रमेशला सांग, त्याचा मुलगा चालला." मीही आत वळून "अहो" म्हटलं. मग आम्ही दोघी जिन्यातच बसून राहिलो.

इथला आमच्या ओळखीचा मिलन पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याजवळ पिशवी देते आहे. ह्यांचं घड्याळ तुझ्या कपिलला दे, लोकरी शाल वन्संना. ह्यांचे हेडफोन तुला. मेमध्ये तो मुलगा गाईल तेव्हा ते लावून ऐक. मला ऐकवणार नाही. कितवा आला तेवढं कळव.

तुझी,
ताई