मिनलताईच्या बदलीवर दवाखान्यात

मोशी, बुधवार

प्रिय मिनलताईस,
कस्तुराचा सप्रेम जय भीम.

तू बरी असशील, पिल्लांचा खोकला गेला असेल आणि दाजींची गाडी एकदाची गॅरेजमधून बाहेर आली असेल, असं धरून चालते. पत्राला उशीर झाला, कबूल. लिहायला बसले की कुणीतरी हाक मारायचं आणि मी जायचे. (मधे भोसरीत एका बिर्याणीवाल्याच्या गल्ल्यावरही बसले. पटलं नाही.) शिवाय विषय असा, की पहिली ओळच सुचेना. तुझा फोन कायम पोरांच्या नाहीतर सासूबाईंच्या हातात, म्हणून पत्र तुझ्या पतसंस्थेच्या पत्त्यावर टाकतेय. काउंटरवर उघडू नकोस.

तर तू सांगितलंस तसं छाती वाढवायच्या ऑपरेशनची चौकशी करून आले. सरळ पिंपरीच्या दवाखान्यात जाणार होते, पण तिथल्या कॅम्पात चपलांचा सेल लागलेला. (घेतल्या. डावी चावते.) तेवढ्यात माझा नंबर पुकारून गेला, मग शेवटी बसवलं. आता पुढची चूक माझी की तुझी, तूच ठरव. चाकणला कंपनीत आमची पद्धत होती: एकीला अडचण आली की दुसरीने तिच्या शिफ्टला उभं राहायचं. लाइनवर माणूस भरलं की सुपरवायझर खूश. मला वाटलं, दवाखान्यातही तसंच चालत असेल. म्हणून तुझंच नाव सांगितलं, तुझंच वय, तुझीच दोन पोरं. डॉक्टरबाई विचारत गेल्या, मी ठोकत गेले. दोघांना पाजलं? हो, धाकट्याला जरा जास्तच. मग पडद्यामागे तपासलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हाला मूल झालेलं काही दिसत नाही." मी म्हटलं, सिझर झालं. "मग टाके कुठंयत?" तेव्हा खरं सांगावं लागलं. "अहो, शरीर काय बदलीवर पाठवायची गोष्ट आहे?" अशा ओरडल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. पण मग स्वतःच हसल्या, चहा मागवला आणि सगळं नीट समजावलं.

मुख्य म्हणजे ते कायमचं नसतं. आत सिलिकॉनची पिशवी बसवतात (काहींत मिठाचं पाणी असतं), आणि दहा-पंधरा वर्षांनी, कुणाची आधी, कुणाची उशिरा, ती बदलायची वेळ येऊ शकते. म्हणजे पुढचं ऑपरेशन धरूनच चालायचं. फुटली तरी बाहेरून कळेलच असं नाही, त्यासाठी अधूनमधून सोनोग्राफी नाहीतर एमआरआय. शरीर पिशवीभोवती आपलं एक अस्तर तयार करतं. ते कधी आवळतं, मग छाती कडक होते, दुखते. स्पर्श कमी होऊ शकतो, आणि गेलेला परत येईलच याची खात्री नाही. क्वचित, फारच क्वचित, एका प्रकारचा कॅन्सरही झालेला आहे. "घाबरवत नाही, पण सांगणार," म्हणाल्या. तिथं मला त्या आवडल्या. नमुन्याची पिशवी हातात दिली तर मी सवयीने उजेडात धरून बुडबुडा शोधायला लागले (रबरी पार्टच्या तपासणीला होते ना), आणि ती सटकून टेबलाखाली गेली. आम्ही दोघी वाकून शोधत होतो.

तुझ्यापुरतं सांगते. पोराचं दूध तोडून काही महिने जायला हवेत आणि वजन एका जागी हवं. ओघळलं असेल तर नुसत्या पिशवीने वर येत नाही, उचलायचं ऑपरेशन वेगळं. तिसरं मूल मनात असेल तर आधी ठरवा, कारण पाजायला अडचण येऊ शकते. पुढे मॅमोग्राफी करशील तेव्हा आत पिशवी आहे हे आधी सांगायचं. मिश्री बंद. (कोण लावतं, ते सांगताना मी तुझं नाव घेतलं नाही. पण नाव तर तुझंच लिहिलेलं, म्हणजे घेतल्यासारखंच.) करणारा प्लास्टिक सर्जरी शिकलेला आहे ना, भूल द्यायला वेगळा डॉक्टर आहे ना, हे तोंडावर विचारायचं. पार्लरच्या माडीवर स्वस्तात होतं असं कुणी म्हणालं तर चहा न पिता उठायचं. आणि नंतर महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, म्हणजे हंडा नाही, सिलेंडर नाही, धाकटाही नाही. घरी काय सांगशील, मला तर सुचत नाही.

बाकी क्षेम. पिल्लांना पापा.

तुझी,
कस्तुरा

ता. क. एका प्रश्नाचं उत्तर मला तुझ्या वतीने देता आलं नाही. "का हवंय?" मी म्हटलं, ब्लाउज बसत नाही. "त्याला शिंपी पुरतो," म्हणाल्या. ताई, धम्मरत्नच्या हळदीत शेखरदाजी चारचौघांत तुला "आमचा एक्सप्रेसवे, सगळा सपाट" म्हणाले, सगळे हसले आणि तूही हसलीस. मी तुझ्याकडेच बघत होते. त्यांच्यासाठी करणार असशील तर मी सोबत येणार नाही. तुझं तुला हवं असेल तर मी आहे. खरं काय ते लिही. पत्र त्यासाठीच होतं, बाकी सगळी माहिती डॉक्टरबाईंनी छापून दिलीय, कागद सोबत जोडलाय.

ता. क. २. ब्रामध्ये नमुने घालून त्यांनी मला आरशासमोर उभं केलं होतं. बराच वेळ उभी होते. तुला तपासायला त्यांनी पुढच्या शनिवारचा नंबर दिलाय. तू येणार नसशील तर तो रद्द करू नकोस, मी माझ्या नावाने जाईन.

ता. क. ३. ताई, घोळ झाला! खाली रिक्षातून तुझ्या सासूबाई उतरल्यात. एका हातात शहाळी, दुसऱ्यात कपड्यांचं बोचकं, आणि जिन्यातूनच ओरडतायत, "उठू नगं गं कस्तुरा, पडून ऱ्हा! मिनल म्हणली तुझं आपरेशन झालंय, म्हून ती म्हैनाभराची सुट्टी टाकून हितं येणार व्हती. म्या म्हणलं, तू नोकरी बघ, म्या हाय की!" म्हणजे तुझं ऑपरेशन ठरलंयसुद्धा, आणि घरी सांगायला बदलीवर मलाच टाकलंस! मी पांघरुणात शिरून लिहितेय. निदान माझं कशाचं ऑपरेशन झालंय ते तरी सांगून ठेवायचंस. त्या उशाशी येऊन बसल्यात आणि विचारतायत, दुखतंय कुठं.