नाव ठेवायचा मान

प्रिय लेसिएली,

बाळाच्या दाखल्यावर ‘तावाके’ हेच नाव आहे, हे आता पक्कं झालं. सालोमे सोमवारी सिडनीहून बेटावर परतली आणि पिशव्या घरात टाकून थेट माझ्या अंगणात आली. पाद्रीबुवांची बायको म्हणून तिला खोटं बोलता येत नाही, आणि तिच्या स्वभावामुळे तिला गप्पही बसवत नाही. आपल्या भावाच्या, कितिओनेच्या फ्रीजवर चिकटवलेला तो दाखला तिने चष्मा लावून, बोट फिरवत वाचला म्हणे. नाव, आईबापांची नावं, तारीख, सरकारी शिक्का, सगळं. नाव कुणी ठेवलं, असं मी विचारलं. “लेसिएलीने गं, आणखी कोण? साठ दिवसांत कागद भरावा लागतो तिथे. अठ्ठावन्न दिवस सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसले होते,” असं म्हणत तिने माझ्या ताटलीतली पपईची फोड उचलली. मी बाळासाठीच चटई विणत होते. ती गेल्यावर जी वीतभर विणली, ती दुसऱ्या दिवशी उसवावी लागली. केवड्याची पानं इतकी घट्ट ओढली होती मी, की कड वाकडी झाली.

रीत तुला मी शिकवायची नाही. भावाच्या पहिल्या बाळाचं नाव थोरली आत्या ठेवते, धाकटी नाही. फिपे आत्याने आपल्या तिघांची नावं ठेवली तेव्हा आईला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी जन्मले त्या दिवशी वादळाने चर्चचं छप्पर उडवून खाडीत टाकलं, म्हणून मी आफा, वादळ. एवढ्याशा पोरीला असलं नाव! शाळेत कुणी दार आपटलं तरी सगळे माझ्याकडे बघायचे. तुझ्या वेळी मात्र आत्या मवाळ झाली होती. पाद्र्यांनी आणलेल्या नावांतलं सगळ्यांत गोड नाव तिने तुझ्यासाठी शोधलं. तुला आठवतं का, मी त्याचा अर्थ मास्तरांना विचारून आले होते? मूळ भाषेत त्याचा अर्थ मेंढी. तीन दिवस मी तुला बें-बें करून चिडवलं आणि आईचा मार खाल्ला. आपण तोवर जिवंत मेंढी पाहिलीच नव्हती, दुकानातल्या बर्फातली तेवढी पाहिलेली. पण खरं सांगते, मला तेव्हाही तुझं नाव हवं होतं. मेंढी असली म्हणून काय झालं, हाक मारली की कानाला बरं वाटायचं.

फिपे आत्याला नावं सुचायची म्हणजे कशी, तर आपल्याला शिंक येते तशी. गावातल्या निम्म्या लोकांची नावं तिचीच. पहिलं विमान उतरलं त्या दिवशी जन्मलेला वाकापुना, म्हणजे विमान, आता साठीचा झाला आणि अजून एकदाही विमानात बसलेला नाही. दुकानदाराच्या नावाचा अर्थ ‘माफ कर’. त्याच्या बापाने बायकोची माफी मागायला नऊ महिने लावले, तेव्हा आत्याने ती माफी पोराच्याच गळ्यात बांधली. आणि बारशाच्या जेवणाच्या वेळी ती सगळ्यांसमोर उभी राहून नाव कुठून आलं ते सांगायची. लोक हसायचे, डोळे पुसायचे, डुकराचं मांस गार व्हायचं. मी तिच्या पायाशी बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे एक दिवस माझं असेल.

माझं एवढंच होतं, लेसिएली. हे तुला कधी कळलंय असं मला वाटत नाही. कितिओने मोठा झाला आणि मागच्या झोपडीत झोपायला गेला, तेव्हापासून रीतीप्रमाणे तो माझ्यासमोर मोठ्याने हसला नाही. मी खोलीत आले की तो उठून जायचा. माझ्यासमोर त्याने कधी वेडावाकडा शब्द काढला नाही, कधी माझ्या ताटातलं उचललं नाही. थोरल्या बहिणीचा मान! लोक म्हणायचे, आफाचा भाऊ बघा किती मर्यादेने वागतो. मी मान डोलवायचे. पण मागच्या झोपडीतून त्याचं गाणं ऐकू यायचं तेव्हा मी भिंतीला कान लावून उभी राहायचे. त्याचा आवाज चांगला आहे हे मला भिंतीने सांगितलं.

आणि तू! तू धाकटी, तुला रीत निम्मीच लागू. शिवाय सिडनीला गेल्यावर तीही उरली नाही. सालोमे सांगत होती, तुम्ही दोघं एका सोफ्यावर बसून रग्बी बघता. तो तुला चिमटे काढतो. तू त्याच्या डोक्यावर उशी मारतेस. त्याची बायको आतेलाइते दोघांनाही ओरडते. सालोमे हे सांगताना हसत होती आणि मीही हसले, पण रात्री जेवण गेलं नाही. त्याने कधी मला उशी मारली असती तर अख्ख्या गावाने त्याला वाळीत टाकलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी उशी मलाही हवी होती. मग मी मनाची समजूत घालायचे, असू दे. हसणं तिचं, सोफा तिचा. बाळ झालं की नाव माझं.

तर आता फोनचं. सालोमे सिडनीला निघाली तेव्हा मी तिच्या हाती निरोप पाठवला होता की आमच्याकडची लाइन बंद आहे, समुद्रातली तार तुटली असेल. तू त्यावर विश्वास ठेवला नसशील. त्याच आठवड्यात वाकापुनाने तुला फोन करून तुझ्याकडून बूट मागवले, हे मला नंतर कळलं. माझा फोन चालू होता. कितिओनेचा फोन यायचा तेव्हा मी तो पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावायचे. डब्यातूनसुद्धा वाजायचा मेला. एकोणीस वेळा त्याने फोन केला. जो माणूस वीस वर्षं माझ्याशी मान खाली घालून दोन वाक्यं बोलला, त्याने एकोणीस वेळा माझं नाव दाबलं.

गावात सगळे म्हणतात, आफाला मिनतवाऱ्या हव्या होत्या. आतेलाइतेही म्हणाली म्हणे, “ज्या आत्याला फोन उचलायला सवड नाही, तिच्यासाठी माझं लेकरू बिननावाचं ठेवू का?” तिचं चुकलं नाही. तिला माझी मिजास दिसली. मिजास होतीच, नाही म्हणत नाही. पहिले आठ दिवस मी खरंच वाट बघत होते की तुम्ही अजून थोडं विनवाल. तूही फोन करशील, रडकुंडीला येऊन म्हणशील, आफा, तुझ्याशिवाय अडलंय गं. तू केलास फोन, दोनदा. दुसऱ्या वेळी तू काहीतरी निरोप ठेवला होतास. तो मी न ऐकता पुसला.

नवव्या दिवशी मी नाव शोधायला बसले, लेसिएली, आणि मला नाव सुचेना.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, फिपे आत्याची जागा माझ्याकडे आली की तिचं ते सुचणंही येईल, जागेबरोबर मानाची चटई येते तसं. मी आजीच्या घराण्यातली नावं एकेक उच्चारून पाहिली. सगळी म्हाताऱ्यांची वाटली. फुलांची नावं घेतली, तर गावात प्रत्येक फुलाच्या तीन-तीन पोरी आहेत. चंद्रावर जाऊन बसलेल्या हिनाचं नाव घेतलं, पण तिथे ती एकटीच झाडाच्या सालीचं कापड कुटत बसली आहे असं आत्या सांगायची. म्हटलं, एक एकटी कापड कुटणारी या घरात पुरे. मग तू मागे पत्रात लिहिलेलं आठवलं, की तुझ्या शेजारच्या ग्रीक म्हातारीकडे पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव देतात, त्यामुळे तिच्या घरी एकाच नावाचे चार जण आहेत आणि तिने हाक मारली की चौघंही येतात. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. नाव शोधायलाच नको! नातीला आईचं नाव देऊन टाकावं असं मलाही वाटलं, पण आईच्या शेवटच्या वर्षात तिला अंघोळ घालताना मी ते नाव इतक्या वेळा घेतलं आहे की ते मला बाळाच्या अंगावर घालवेना.

पाचव्या आठवड्यात मी कड्यावर जाऊन बसू लागले. आत्या सांगायची, नाव वाऱ्यावर येतं. वारा यायचा, माझे केस उडवायचा आणि जायचा. तिथे तावाके घरटी करतात, तुला ठाऊकच आहे. पांढरेशुभ्र, शेपटीला दोन लांब पिसं. माझ्या डोक्यावरून तासन्‌तास घिरट्या घालत होते. त्यांच्या कर्कश ओरडण्याने मला विचार करता येईना म्हणून मी त्यांच्यावर दगडसुद्धा मारला एकदा.

आणि तू सिडनीत, जिथे कबुतरांशिवाय काही उडत नाही, तिथे बसून त्या बाळाला तावाके म्हणालीस. सालोमेने ते नाव घेतलं त्या क्षणी मला कळलं की हेच ते. इतकं ते त्या पोरीचं होतं. माझ्या दारासमोरचं, माझ्या डोक्यावरचं, मी दगड मारून हाकललेलं नाव. ते मला न येता तुला का यावं? तू काय केलंस असं? मी इथे राहिले, आईचं केलं, चर्चचं केलं, प्रत्येक मयताला आणि बारशाला चटया विणून दिल्या. तू गेलीस, सोफ्यावर बसलीस आणि एका दुपारी नाव सुचलं! सालोमे म्हणाली, तुला जेमतेम पाच मिनिटं लागली. मला तिला विचारायचं होतं की तुला ते कसं सुचलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारलं असतं तर तिला कळलं असतं की माझ्याकडे काहीच नव्हतं.

कितिओनेने तिच्या हाती निरोप पाठवला आहे. “दाखल्यावरचं सिडनीपुरतं. बारशाला बाळाला तिकडे आणू, तेव्हा चर्चमध्ये आफा म्हणेल तेच नाव. ती म्हणेल तर दाखलाही बदलू.” बघ, अजूनही मान खाली घालूनच. आणि तू येणार नाहीस असंही सालोमेने सांगितलं. मला राग येऊ नये म्हणून तू मागे थांबणार, तूच तसं ठरवलंस. हे ऐकून मला बरं वाटलं. दोन दिवस चांगलं जेवले मी. गावात सगळे विचारू लागले, मग आफा, कोणतं नाव? मी म्हणत गेले, रविवारी कळेल. वाकापुना म्हणाला, “वादळाच्या पोटात काय दडलंय बुवा!” सगळे हसले, मीही ऐटीत हसले. गेल्या तीन दिवसांत मी तीन नावं तयार केली, प्रत्येकाला एक गोष्टही रचली. काल ती तिन्ही नावं मी मोठ्याने म्हणून पाहिली, समोर बाळ आहे असं समजून. तिन्ही वेळा मनातलं बाळ दुसरीकडेच बघत राहिलं. चार महिन्यांची पोर आता हाकेला मान वळवते, सालोमेने सांगितलंय मला. तावाके म्हटलं की वळते.

म्हणून हे पत्र. नाव तावाकेच राहील. मी ते बदलणार नाही. पण जेवणाच्या वेळी उभं राहून नाव कुठून आलं ते आत्यानेच सांगायचं असतं, आणि ते मला ठाऊक नाही. खोटं रचलं तर माझ्या तोंडावर दिसेल. तेव्हा तू ये. मानाच्या चटईवर मीच बसणार, केकचा खालचा थर आणि सालीच्या कापडाचा मोठा गठ्ठा माझ्याच घरी जाणार, त्यात तुझा अर्धासुद्धा वाटा नाही हे आधीच सांगून ठेवते. पण मी उभी राहीन तेव्हा म्हणेन की हे नाव माझ्या धाकट्या बहिणीला सुचलं, मला सुचलं नाही, आणि ते कसं ते तीच सांगेल. हे म्हणताना मला काय होईल ते मला आत्ताच जाणवतंय, तेव्हा फार लांबण लावू नकोस. त्यांचं विमान पुढच्या गुरुवारी दुपारी उतरेल. कितिओनेला तुझंही तिकीट काढायला सांग. हे पत्र उद्याच्या विमानाने जाणाऱ्याच्या हाती देते आहे, मिळालं की मला फोन कर. फोन मी डब्यातून काढून उशाशी ठेवला आहे, पहिल्याच रिंगला उचलेन. चर्चची घंटा रविवारी दहाला होईल.

तुझा हेवा करणारी, तरीही तुझीच,
आफा